गरिबाची बंदूक

परवा अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला होता. त्याच्या ऑफिसातली मंडळी थंडीत हरणाच्या शिकारीला जातात, यंदा यालाही बोलावलंय. "मामा, पहिलीच रायफल घ्यायची आहे. फार महाग नको. आपल्या घरी बंदूक होती ना? मग सांगा, काय बघून घ्यायची?" मी आयुष्यभर मुलांना इतिहास आणि मराठी शिकवलं, अमेरिकेतल्या रायफलींचं मला काय कळणार! त्याला सांगितलं, तिथल्या जाणत्या माणसाला विचार, आणि आधी शिकून घे. पण प्रश्न डोक्यात राहिला. आमच्या नेसरी-गडहिंग्लज-चंदगडच्या पट्ट्यात साध्या शेतकऱ्यानं आपली पहिली बंदूक कशी निवडली असेल? की त्याच्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी निवडली? थोडं मागं जाऊन बघू.

नेसरी म्हटलं की लोकांना खिंड आठवते. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती ही जागा. ती कथा तलवारीची आहे. बंदुकीची कथा जवळच्याच सामानगडावर सुरू होते. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी बंड केलं. पिढ्यान्पिढ्या गड राखणारी आणि त्याबद्दल जमिनी खाणारी ही माणसं. इंग्रजांच्या तंत्रानं चालणाऱ्या नव्या कारभारानं त्यांच्या हक्कांना हात घातला, तेव्हा सामानगड आणि भुदरगडाचे दरवाजे त्यांनी आतून लावून घेतले. इंग्रजी फौज आली, तोफा चालल्या, गड पडले. पुढं गडांची तटबंदी पाडली आणि गडकरी नुसते शेतकरी झाले. ज्या घरात हत्यार हे नोकरीचं साधन होतं, त्या घरात ते संशयाची वस्तू झालं.

त्यानंतर १८५७ झालं, आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना हवा. गोऱ्याला मात्र नियमांनी सूट! मळ्यावरच्या साहेबाच्या पोरानं खुशाल रायफल खांद्यावर टाकून फिरावं, आणि ज्याचं भात डुकरं लोळून सपाट करतात त्यानं कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्यात. या कायद्याविरुद्ध काँग्रेसनं अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून ठराव केले. १९२० च्या सुमारास वर्णावरची सूट गेली, पण परवाना राहिला. १९३० साली गांधीजींनी व्हाइसरॉयपुढं ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक मागणी होती. अहिंसेचा पुजारी ही मागणी करतो याचं वर्गात मुलांना मोठं नवल वाटायचं. मी त्यांना सांगायचो, मारणं वेगळं आणि माणसाला अविश्वासू ठरवणं वेगळं.

सगळ्यांनाच अविश्वासू ठरवलं असंही नाही. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा लोकांना इंग्रजांनी परवान्यातून सूट दिली, ती आजही चालू आहे. २०१९ साली केंद्र सरकारनं ती २०२९ पर्यंत वाढवली. ते लोक भादव्याच्या आसपास बंदुकांची पूजा करतात. आपल्याकडं खंडेनवमीला विळा, कोयता, नांगर पूजतात, आणि ज्यांच्या घरी असे त्यांच्याकडं बंदूकही त्या ओळीत बसायची.

आता संस्थानाचं बघा. गडहिंग्लज पेटा कोल्हापूर संस्थानात, शेजारचा चंदगड मात्र बेळगाव जिल्ह्यात म्हणजे थेट ब्रिटिश मुलखात (तो १९५६ ला कोल्हापूर जिल्ह्यात आला). कोल्हापूरच्या गादीला शिकारीचा मोठा नाद. शाहू महाराजांच्या पदरी काळविटांच्या शिकारीसाठी शिकवलेले चित्ते होते. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणवणाऱ्या संस्थानांत कोल्हापूर होतं. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आणि हत्यारं बघायला आम्ही शाळेच्या सहली नेत असू. मुलं वाघापुढून हलत नसत. दाजीपूरचं रान हे महाराजांचं राखीव शिकारीचं रान. राखीव होतं म्हणूनच तिथले गवे टिकले आणि १९५८ मध्ये तिथं राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. शिकारीसाठी राखलेलं रान पुढं जनावरांसाठी राखलं गेलं, ही इतिहासाची गंमत आहे.

पण ही झाली राजांची गोष्ट. शेतकऱ्यापुढं पर्याय तीन.

पहिला ठासणीची बंदूक. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, परत ठासायचं. मागं कानावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत आणि बार बाहेर. एका बाराला मिनिटभर तरी मोडायचं. पावसाळ्यात दारू ओलावली की नुसतं "फुस्स". पण बंदूक स्वस्त, काडतुसाची गरज नाही, आणि मोडली तर जाणता कारागीर नीट करून देई.

दुसरा बारा बोअरची काडतुशी बंदूक, एकनळी किंवा दुनळी. हे "बारा" काय असतं ते पुष्कळांना ठाऊक नसतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. सोळा बोअर ही बारापेक्षा लहान. हिची नळी आतून गुळगुळीत. छर्रे चाळीसेक यार्डांपर्यंत कामाचे, पुढं पांगतात. काडतुसं मात्र विकत घ्यायची. "शक्तिमान" नावाची काडतुसं आपल्या पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होत. तो कारखाना १८६९ चा.

तिसरा पर्याय रायफल. हिच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात, त्यामुळं गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि लांब जाते. आपल्याकडं सर्वसामान्यांची रायफल म्हणजे "तीनशे पंधरा". म्हणजे नळी ०.३१५ इंचाची, आठ मिलिमीटर. कलकत्त्याजवळच्या इशापूरच्या कारखान्याची. फौजेची रायफल होती थ्री-नॉट-थ्री. तिच्या मापाची बंदूक खासगी माणसाच्या हाती नको, कारण मग फौजेतली चोरलेली काडतुसं तिच्यात चालणार. म्हणून नागरिकांसाठी हे वेगळं माप. म्हणजे रायफलीची निवडसुद्धा शिकाऱ्यानं जनावर बघून केलेली नाही, सरकारनं शिकाऱ्याकडं बघून केलेली आहे!

मग या तिघींतून आमच्या भागानं ठासणीचीच का घेतली? पैसा हे कारण उघड आहे. पण दुसरं कारण मला जास्त पटतं. राखणीचं मुख्य काम मारण्याचं नव्हतं, हुसकावण्याचं होतं. गोफण, पत्र्याचे डबे, आगटी, हाळ्या, या सगळ्याची पुढची पायरी म्हणजे बंदुकीचा बार. आमचे आजोबा दहा बार काढत त्यातले आठ-नऊ नुसत्या दारूचे, वर आभाळात. डुकरांचा कळप नाचण्यातून उठून ओढ्यापल्याड गेला की काम झालं. त्याला तीनशे पंधरा कशाला हवी? शिवाय रायफलीची गोळी चुकली तर मैलभर पलीकडच्या खोपीत कोण झोपलंय ते तिला ठाऊक नसतं. आमच्या डोंगरउतारावरच्या शेतांत वरच्या बांधावर एक आणि खालच्या बांधावर दुसरा राखणदार असायचा. कमी पल्ल्याची बंदूक हीच शेजारधर्माची बंदूक.

१९५९ च्या हत्यार कायद्यानंही हीच उतरंड मांडली (तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला). पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, रक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, आणि बाकी कशासाठी, म्हणजे रायफलीसाठीही, सबळ कारण दाखवा. शेतकऱ्याच्या ऐपतीची बंदूक कायद्यातच लिहून ठेवली.

आणि कुणी ठासणीला हसू नये. जिम कॉर्बेटच्या हातात लहानपणी आलेली बंदूक म्हणजे एक नळी चिरलेली, तारेनं बांधलेली जुनी ठासणीची दुनळीच होती. त्याची नामांकित रिग्बी रायफल त्याला फार नंतर, १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल भेट म्हणून मिळाली. जंगल तो त्या चिरलेल्या बंदुकीवर शिकला. एकच बार हाताशी असला की माणूस आधी बघायला शिकतो.

आमच्या घरची बंदूक माजघरात आढ्याला आडवी टांगलेली असे. दारूचं शिंग वेगळं, टोप्यांची डबी आजीच्या ताब्यात. आजोबांचा नियम असा, की घरात भांडण झालं त्या रात्री बंदूक खाली काढायची नाही. दुसरा नियम, जखमी डुकराला रानात तसंच सोडायचं नाही. एकदा एक डुक्कर बार खाऊन करवंदीच्या जाळीत शिरलं तेव्हा ते तिघा गड्यांना घेऊन उजाडेपर्यंत बसून राहिले, आणि उजाडल्यावर जाऊन ते संपवलं. डुक्कर पडलं की गल्लीत वाटे पडायचे. बार ज्याचा त्याला जादा वाटा, आणि विधवा बाईच्या घरी न चुकता एक. हे मी सहासात वर्षांचा असताना बघितलेलं आहे.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात शिकारीचे परवाने होते, लहान जनावरांचा वेगळा, मोठ्यांचा वेगळा. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही गेले. आज आपल्या देशात हौसेची शिकार अशी गोष्टच उरलेली नाही. आणि ते योग्यच झालं असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या देशातला चित्ता १९५२ साली नामशेष म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ मध्ये नामिबियाहून आणून कुनोत सोडावा लागला. एवढा धडा पुरे.

वडील १९८७ ला गेले. बंदूक कुणाच्या नावावर करायची हा प्रश्न आला. एक भाऊ मुंबईला, एक पुण्याला, मी शाळेत. दर तीन वर्षांनी नूतनीकरण, निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची. शेवटी आम्ही ती सरकारजमा केली. धाकटे काका त्या दिवशी जेवले नाहीत. मला तेव्हा ते फाजील वाटलं होतं. आता त्यांच्या बाजूनंही बघता येतं. त्यांच्या लेखी त्या दिवशी लोखंड गेलं नव्हतं, शिवार राखायचा हक्क गेला होता.

कारण जनावरं गेली नाहीत. उलट आली. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले, दोडामार्गातून पुढं चंदगड-आजऱ्यापर्यंत आले. गवे उसात वस्तीला असतात. डुकरांचं तर विचारू नका. कायद्याच्या कलम ११ मध्ये पिकाला धोकादायक झालेलं डुक्कर वनखात्याच्या परवानगीनं मारण्याची सोय आहे, पण परवानगी हातात येईपर्यंत भुईमूग कुठला राहतोय! केरळनं २०२२ मध्ये हा अधिकार पंचायतींच्या प्रमुखांकडं दिला, आणि त्यांनी परवानाधारक बंदूकवाल्यांकडून काम करून घ्यायचं अशी व्यवस्था केली. ती पुरती यशस्वी झाली असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण निर्णय गावाजवळ आणला, ही गोष्ट मला पटते.

घरोघर बंदुका द्या, असं मी म्हणत नाही. आजच्या पोरांच्या हातात मोबाइल बघूनच धडकी भरते. पण रात्रभर शेतात जागणाऱ्या माणसाला "भरपाईचा अर्ज करा" एवढंच सांगणारी व्यवस्था आणि १८७८ ची व्यवस्था, यांत त्या माणसाच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. गावानं निवडलेली, शिकलेली, जबाबदार अशी दोनचार माणसं, कायद्याच्या चौकटीत, फक्त डुकरासाठी, एवढा विश्वास टाकायला काय हरकत आहे? हत्ती-गव्यांचा मार्ग अर्थात वेगळा. त्यांना हातही लावायचा नाही, आणि नुकसान सरकारनं वेळेवर भरून द्यायचं.

असो. नातलगांना एक विनंती. तुमच्या कुणाच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचा बंदुकीचा परवाना असेल, संस्थानच्या शिक्क्याचा किंवा बेळगाव कलेक्टरचा, तर तो रद्दीत घालू नका. त्याच्यावर बंदुकीचा प्रकार, दारूची मर्यादा, कारण, सगळं लिहिलेलं असतं. आपल्या घरावर सरकारनं किती विश्वास टाकला होता, त्याचा तो लेखी पुरावा आहे. मला दाखवायला आणलात तर चहा माझ्याकडं.