तोबाला : मेक्सिकोतील मद्याचा आणि बागेचा घायपात

मेक्सिकोच्या दक्षिण भागातील ओआहाका व पुएब्ला या राज्यांत, डोंगरउतारांवरील खडकाळ, चुनखडीयुक्त जमिनीत वाढणारा ‘तोबाला’ हा घायपाताचाच एक जातभाई होय. ‘अगावे पोटाटोरम’ हे त्याचे शास्त्रीय नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ त्सुकारिनी यांनी 1830 च्या दशकात दिले. ‘पोटाटोरम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पिणाऱ्यांचा’ असा आहे, आणि तो समर्पकच म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात शेताच्या बांधावर आढळणाऱ्या घायपाताच्या मानाने तोबाला बराच ठेंगणा असतो. त्याची रुंद, रुपेरी-करडी पाने कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे एकमेकांवर रचलेली असतात. कडांना तांबूस-तपकिरी काटे असतात. या देखणेपणामुळेच तो जगभरच्या शोभेच्या बागांत पोहोचला. जपानमध्ये ‘किश्शो कान’, म्हणजे शुभमुकुट, या नावाने ओळखला जाणारा त्याचा बागायती प्रकार विशेष लोकप्रिय आहे. कुंडीतही तो चांगला वाढतो. मात्र मुळाशी पाणी साचल्यास कुजतो.

तोबालाला पक्व होण्यास साधारणतः 10 ते 15 वर्षे लागतात. आयुष्यात एकदाच उंच दांड्यावर फुलोरा येतो, वटवाघळे व कीटक परागीभवन करतात, बी तयार होते आणि झाड मरते. मेस्काल हे मद्य करण्यासाठी मात्र झाड फुलण्यापूर्वीच तोडावे लागते, कारण फुलोऱ्यासाठी साठवलेली साखरच मद्याला हवी असते. पाने छाटून उरलेला गड्डा तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात काही दिवस भाजतात, ठेचतात, आंबवतात आणि दोनदा ऊर्ध्वपातन करतात. ओआहाकातील सोला दे वेगा परिसरात त्यासाठी आजही मातीची भांडी वापरली जातात.

खरी अडचण येथेच आहे. मेस्कालसाठी सर्वाधिक लागवड होणाऱ्या ‘एस्पादिन’ या जातीला बुंध्यापाशी मुनवे फुटतात. रानातील तोबाला बहुधा एकटाच वाढतो व केवळ बियांपासून रुजतो. म्हणजे फुलण्याआधी तोडलेले प्रत्येक झाड वंश न ठेवताच जाते. शिवाय गड्डा लहान असल्याने थोड्या मद्यासाठीही अनेक झाडे लागतात. मेस्कालला 1994 मध्ये भौगोलिक नामाचे संरक्षण मिळाले. पुढे परदेशांतून मागणी वाढली आणि रानातील तोबालावरील ताणही वाढत गेला.

यावर उपाय म्हणून काही उत्पादक थोडी झाडे मुद्दाम फुलू देतात, त्यांचे बी गोळा करून रोपवाटिकेत रोपे तयार करतात आणि ती शेतात किंवा ओक वृक्षांच्या विरळ सावलीत लावतात. तरीही आज लावलेल्या रोपाचे मद्य हाती येण्यास दशकभराहून अधिक काळ थांबावे लागते.