गडावरचा शिलालेख आणि महाद्वाराची पायरी



रामटेकचा गड चढताना आपली नजर कळसावर असते. दर्शन झाले की प्रसाद घेऊन आपण उतरतो. लक्ष्मणाच्या देवळात एक संस्कृत शिलालेख आहे, तिकडे सहसा कोणी पाहत नाही. अक्षरे झिजलीत, हेही खरेच. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळचा तो लेख. हा तोच राजा, ज्याचे नाव ज्ञानोबारायांनी शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी घेतले आहे.

त्या लेखात शंबूकाचा उल्लेख आहे. शूद्र असून तप केले म्हणून रामाच्या हातून मारला गेलेला तपस्वी. लेख म्हणतो, तो विष्णुपदाला गेला. गडावरच्या धूम्रेश्वर महादेवाचा संबंधही परंपरा त्याच्याशीच जोडते. मी चाळीस वर्षे हे आख्यान ‘प्रभूच्या हातचे मरण म्हणजे उद्धार’ असेच लावले. श्रोते माना डोलवीत. हा उद्धार मेल्यावरच का, हे मला कोणी विचारले नाही. ज्याने विचारावे तो मंडपात बसलेला नसे.

त्याच रामचंद्रदेवाच्या राज्यात आपले चोखोबा पंढरीच्या देवळाबाहेर उभे होते. संतांनी त्यांना उराशी धरले, पण ते वाळवंटात. देवळाचे दार काही हलले नाही. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवरायांनी अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी दिली, असे आपण सांगतो. पुढे सहाशे वर्षे वारकरी त्या समाधीवर डोके टेकवून आत गेला आणि चोखोबांचा जातभाई डोके टेकवून तिथूनच मागे फिरला. हे आपल्या डोळ्यांदेखत चालले होते, माउली. आपण टाळ वाजवीत होतो.

दार उघडले ते १९४७ साली. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवली, मग १ मे रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडले. त्यांना जागा दिली तनपुरे महाराजांच्या मठाने, हे मी मुद्दाम सांगतो. तेवढी तरी लाज राहिली. १० मे रोजी उपोषण सुटले.

पण तोवर वाट पाहणारे थकले होते. आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या मोहप्याचे किसन फागू बनसोडे यांनी नागपुरात मुलींची शाळा काढली, तिला चोखोबांचे नाव दिले. नाशकाला काळारामाच्या दारी १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह चालला, दार उघडले नाही. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या इतिहासावरचा आपला १९४८ चा ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत रविदास आणि नंदनार यांच्यासोबत चोखोबा आहेत. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला इथून सुमारे ५० किलोमीटरवर, नागपुरात, लाखो माणसे बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाली. आपल्यातले काही अजून म्हणतात, ‘ते घर सोडून गेले.’ घरात घेतले होते कधी?

एक गोष्ट आजवर मी कीर्तनात सांगितलेली नाही. उमेदीच्या काळात या तालुक्यातल्या एका गावी सप्ताहात चोखोबांचे आख्यान लावले. बायाबापड्या ढसाढसा रडल्या. मंडपाच्या कनातीबाहेर, पोत्यावर, वस्तीतली चार माणसे बसून ऐकत होती. त्यांचेही डोळे भरले होते. काल्याच्या दिवशी पंगती उठल्या. त्यांची पंगत शेवटी, वेगळी, गोठ्याजवळ. मी हार घालून पहिल्या पंगतीत बसून जेवलो होतो. निघताना त्यांतला एक म्हातारा हात जोडून जवळ आला. म्हणाला, ‘महाराज, चोखोबा जेवले का हो?’

मी ‘पांडुरंग पांडुरंग’ म्हणालो आणि बैलगाडीत चढलो. दुसऱ्या वर्षी त्याच गावी गेलो, तेव्हा कनातीबाहेर कोणी नव्हते.