लाट, उमेदवार आणि पांढरकवडा

🧵 १/८
१६ फेब्रुवारी २०१९. पुलवामाच्या हल्ल्याला दोनच दिवस झाले होते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची सभा पांढरकवड्यात झाली. तीन महिन्यांनी राज्यातील ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या. पांढरकवडा ज्या मतदारसंघात येतो, तो मात्र काँग्रेसकडे गेला.

२/८
पांढरकवडा यवतमाळ जिल्ह्यात असले, तरी आर्णी विधानसभा क्षेत्रामार्फत ते चंद्रपूर लोकसभेला जोडलेले आहे. येथील खासदार हंसराज अहीर चार वेळा निवडून आलेले, केंद्रीय गृहराज्यमंत्री. २०१४ मधील त्यांचे मताधिक्य २ लाख ३६ हजारांचे.

३/८
काँग्रेसने प्रथम विनायक बांगडे यांना उमेदवारी दिली. पक्षात असंतोष उसळला. प्रदेशाध्यक्ष अशोक चव्हाण यांची हतबलता सांगणारी ध्वनिफीत बाहेर आली. अखेर उमेदवार बदलला. शिवसेना सोडून आलेले वरोऱ्याचे आमदार बाळू धानोरकर रिंगणात उतरले.

४/८
निकाल: धानोरकर ५,५९,५०७, अहीर ५,१४,७४४. काँग्रेसला राज्यात मिळालेली ही एकमेव जागा.

५/८
अहीर यांची मते मात्र घटली नव्हती. २०१४ च्या तुलनेत ती काही हजारांनी वाढली होती. मग पराभव कशामुळे? २०१४ मध्ये काँग्रेसचे संजय देवतळे व आम आदमी पक्षाचे वामनराव चटप यांच्यात विरोधी मते विभागली गेली. चटप यांना २ लाखांहून अधिक मते होती. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने लाखाहून अधिक मते घेऊनही धानोरकर यांच्यामागे मोठी एकजूट झाली.

६/८
केवळ पक्ष वा मोठे नाव पुरेसे नव्हते, हे शेजारी दिसते. त्याच ११ एप्रिलला यवतमाळ-वाशिममध्येही मतदान झाले. तेथे काँग्रेसचे माजी प्रदेशाध्यक्ष माणिकराव ठाकरे शिवसेनेच्या भावना गवळी यांच्याकडून लाखाहून अधिक मतांनी हरले.

७/८
अमेरिकेतही हा वाद जुना आहे. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांना केवळ ५२ निर्वाचक मते मिळाली. दोष त्यांच्या जहाल प्रतिमेचा, की केनेडी यांच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीचा व आर्थिक भरभराटीचा? दोन्ही कारणे वेगळी काढणे कठीण.

८/८
चंद्रपूर इतकेच सांगते: उमेदवार लाट उलटवत नाही, पण विखुरलेली मते एकत्र आणू शकतो. मात्र ही मते पक्षाच्या खाती कायमची जमा होत नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर्णीने काँग्रेसच्या शिवाजीराव मोघे यांना नाकारून भाजपचे संदीप धुर्वे यांना निवडले.