फोरे बायकांची ठेव



आमच्या गटाची सामाईक भांडी आहेत. दोन मोठी पातेली, परात, झारे आणि पन्नास ताटं. कुणाकडे बारसं असो की दहावं, वहीत सही करायची आणि भांडी न्यायची. आज आम्ही ज्या ठेवीबद्दल बोलणार आहोत, तीही सामाईकच. पण तिच्यात भांडी नव्हती. मेलेल्या माणसांच्या मेंदूचे तुकडे होते, जिवंत माणसांचं रक्त होतं आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी होत्या.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पापुआ न्यू गिनी नावाचा देश आहे. तिथल्या पूर्वेकडच्या डोंगरात फोरे लोक राहतात. रताळी लावायची, डुकरं पाळायची, असं त्यांचं जगणं. 1950 नंतरच्या काळात त्यांच्यात एका आजाराने थैमान घातलं होतं. त्याचं नाव कुरू, म्हणजे थरथर. आधी चालताना तोल जायचा, मग हातपाय कापायचे, पुढे बसता येईना, गिळता येईना. साधारण वर्षभरात माणूस जायचं. जाणाऱ्यांत बहुतेक बायका आणि लहान मुलं. काही गावांत दोन-तीन पुरुषांमागे एक बाई उरली होती. आईविना पोरं बापाने वाढवायची. लोकांना वाटे, कुणीतरी करणी केली. गावोगाव सभा भरवून करणी करणाऱ्याला हात जोडले जात, की बाबा, आता पुरे कर.

1957 मध्ये व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायडुशेक या डॉक्टरांनी कुरूची नोंद जगापुढे ठेवली. ना ताप, ना सूज. एकाच घरात बरेच जण आजारी पडतात हे पाहून काही जाणकारांनी ठरवूनच टाकलं, की दोष रक्तातच आहे, वंशाचा आहे. फोरे लोकांना त्यांच्या भागाबाहेर जाऊ देऊ नये, असाही विचार पुढे आला होता. आजाराचं कारण कळलं नाही की आजारी माणसालाच कोंडायचं, हे आपल्याला काही नवं नाही.

हे कोडं सुटायला पहिली मदत झाली ती आठवणींची. 1961 ते 1963 या काळात शर्ली आणि रॉबर्ट ग्लास हे जोडपं फोरे गावांत राहिलं. शर्ली पुढे शर्ली लिंडनबॉम या नावाने ओळखल्या गेल्या. त्यांनी म्हाताऱ्यांना विचारलं, की पहिला कुरू कुणी पाहिला, कोणत्या गावात, ती बाई कुणाची कोण. उत्तरं जुळत गेली. आजार त्यांच्या हयातीतच गावोगाव पसरत आला होता. पिढ्यानपिढ्या रक्तात असता तर असा परवा-परवा आलेला नसता. आणखी एक गोष्ट पुढे आली. घरातलं माणूस गेलं की त्याला मातीत किड्यांच्या हवाली करण्यापेक्षा आप्तांनी त्याचं मांस खावं, अशी तिथे रीत होती. खाणाऱ्या मुख्यतः बायका आणि त्यांच्याबरोबरची मुलं. मैत्रिणींनो, नाक मुरडू नका. ती त्यांची मयताची माया होती. सरकारने बंदी आणल्यावर 1960 च्या आसपास ही रीत थांबली.

दुसरी मदत झाली मेंढ्यांच्या डॉक्टरची. विल्यम हॅडलो हे अमेरिकन पशुवैद्य तेव्हा इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या स्क्रेपी नावाच्या रोगावर काम करत होते. त्यात मेंढी अंग घासत राहते, लडखडते आणि मरते. 1959 मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात त्यांनी कुरूने मेलेल्यांच्या मेंदूची चित्रं पाहिली. मेंढीच्या मेंदूसारखीच भोकं! त्यांनी पत्र लिहून कळवलं, की स्क्रेपी एका मेंढीतून दुसरीला टोचून लागतो, तसं हेही माकडांत टोचून पाहा.

त्यासाठी मेंदू हवा होता. मायकेल आल्पर्स हे तरुण ऑस्ट्रेलियन डॉक्टर फोरे गावात घर करून राहत होते. 1963 मध्ये कुरूने गेलेल्या एका मुलीचा मेंदू त्यांना तिच्या घरच्यांच्या संमतीने मिळाला. तो गोठवून अमेरिकेला गेला आणि चिंपांझींना टोचला. दोन वर्षं काहीच झालं नाही. मग 1965 मध्ये चिंपांझी लडखडू लागले. आजार लागतो, हे ठरलं. ज्या आईबापांनी पोर गेल्याच्या दुःखात हो म्हटलं, त्यांच्याविषयी कुठे फारसं बोललं जात नाही. गायडुशेकना 1976 मध्ये नोबेल मिळालं. पुढे 1997 मध्ये एका मुलावरच्या अत्याचाराचा गुन्हा त्यांनी अमेरिकेच्या कोर्टात कबूल केला, हेही इथे सांगायला हवं.

मग गायडुशेक यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशींचे डॉक्टर अशाच आजारांचे मेंदू पाठवू लागले. 1994 मध्ये त्या प्रयोगशाळेने एकत्र मांडलेल्या रोग्यांची संख्या 300 होती. एकट्या देशाला हे जमलं नसतं, कारण हा आजार दहा लाखांत एखाद्यालाच होतो. शिवाय जपणंही सोपं नाही. 1982 मध्ये स्टॅनली प्रुसिनर यांनी या रोगाच्या कारणाला प्रायॉन नाव दिलं. आपल्या शरीरातलंच एक प्रथिन वाकडं होतं आणि शेजारच्यालाही वाकडं करतं. हे उकळून मरत नाही, कारण मुळात ते जिवंतच नाही. म्हणून वेगळी खोली, वेगळी हत्यारं. अशा जागा थोड्याच, तेव्हा ज्यांच्याकडे जागा त्यांनी इतरांना वापरू द्यायची.

आम्हाला सगळ्यात आवडलेला भाग शेवटचा. मयताच्या त्या जेवणांना कितीतरी बायका बसल्या, पण सगळ्याच मेल्या नाहीत. का? लंडनचे शास्त्रज्ञ आणि पापुआ न्यू गिनीची वैद्यकीय संशोधन संस्था यांनी मिळून 3000 हून जास्त लोकांचे नमुने तपासले. त्यांत 709 जण त्या जेवणांना बसलेले होते आणि त्यांतले 152 कुरूने गेले होते. वाचलेल्यांपैकी काहींच्या त्याच प्रथिनात एक वेगळेपण सापडलं. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. तिच्यातला 127 वा मणी बदललेला होता. कुरू झालेल्यांत तो बदल सापडला नाही. हे 2009 मध्ये छापून आलं. 2015 मध्ये तोच बदल उंदरांत घालून पाहिला, तर उंदरांना कुरू लागेना. प्रायॉनच्या आजारावर अजून औषध नाही, पण ते शोधणारे आता त्या एका मण्याकडे बघतात.

त्या बायकांची नावं अहवालात नाहीत. नियमच तसा आहे, आणि तो योग्यच आहे. तिथे नमुन्यांना फक्त नंबर असतात.