प्रशिक्षकाचे वेतन आणि खेळाडूचा वाटा : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या अर्थव्यवहाराचा एक धांडोळा

१

विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघावर खर्च करावयाच्या द्रव्यापैकी किती प्रशिक्षकास द्यावे व किती खेळाडूंस, हा प्रश्न अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांपुढे आज उघडपणे उभा आहे. प्रश्न वरवर हिशेबनिसाचा वाटतो; वस्तुतः तो इतिहासाचा आहे. आज प्रशिक्षकास जे वेतन मिळते ते त्याच्या कौशल्याचे मोल म्हणून बाजाराने ठरविले, असे सामान्यतः मानले जाते. हे मत ऐतिहासिक पुराव्यास कितपत उतरते, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

येथे 'फुटबॉल' या शब्दाने आपल्याकडील पायाने खेळावयाचा खेळ अभिप्रेत नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. लांबट चेंडू हातात घेऊन, प्रतिपक्षाला अंगबळाने रेटीत पुढे नेण्याचा हा अमेरिकन खेळ इंग्लंडमधील रग्बीपासून विकसित झाला. खेळाडूस होणाऱ्या शारीरिक इजेचा मुद्दा पुढील विवेचनात वारंवार येईल. तो या खेळाच्या स्वरूपातूनच उद्भवतो.

२

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्स्विक येथे रटगर्स व प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेला सामना हा आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा प्रारंभ मानतात. त्या काळी खेळाची सर्व व्यवस्था विद्यार्थीच पाहत. पगारी प्रशिक्षक ही संस्था अस्तित्वात नव्हती. खेळाला आजचे नियमबद्ध रूप देणारे येल विद्यापीठाचे वॉल्टर कॅम्प हेही येलच्या संघाला वेतनाविनाच मार्गदर्शन करीत.

हे चित्र पालटण्यास फार काळ लागला नाही. १८९२ साली नव्याने स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी एमस अलोन्झो स्टॅग यांना फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून नेमले, आणि त्यांना अध्यापकवर्गात स्थान दिले. पुढे १९०५ साली हार्वर्डने बिल रीड या २६ वर्षांच्या तरुणास ७,००० डॉलर वार्षिक वेतनावर आणले. हे वेतन हार्वर्डच्या कोणत्याही प्राध्यापकाच्या वेतनाहून अधिक व दीर्घकाळ अध्यक्षपद भूषविणाऱ्या चार्ल्स एलियट यांच्या वेतनाच्या जवळ जाणारे होते. प्रशिक्षकाचे वेतन प्राध्यापकाच्या वर जाणे ही दूरदर्शनच्या युगातील विकृती आहे, असा जो समज आढळतो तो यावरून निराधार ठरतो.

त्याच १९०५ साली मैदानावरील मृत्यूंमुळे देशभर क्षोभ उसळला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना पाचारण केले. नियमांत सुधारणा झाली, आणि त्या चळवळीतून जी संघटना जन्मास आली तिने १९१० साली 'नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन' हे नाव धारण केले. पुढील विवेचनात तिला 'संघटना' एवढेच म्हटले आहे. खेळाडूंच्या रक्षणाच्या निमित्ताने जन्मलेल्या याच संघटनेने पुढे खेळाडूंच्या मोबदल्यावर निर्बंध घातले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३

खेळाडूंना त्या काळी काहीच मिळत नव्हते, असे मात्र नाही. कार्नेगी प्रतिष्ठानाने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तपासलेल्या ११२ महाविद्यालयांपैकी ८१ महाविद्यालये या ना त्या रूपाने खेळाडूंना साहाय्य देत असल्याचे नमूद आहे. कोठे नाममात्र नोकरी, कोठे माजी विद्यार्थ्यांच्या खिशातून गुपचूप मदत, असे त्याचे प्रकार होते. प्रशिक्षकाचा मोबदला करारपत्रावर लिहिला जाई. खेळाडूचा हातावर ठेवला जाई. मोबदला दोघांनाही होता, परंतु एकाचा प्रतिष्ठित ठरला व दुसऱ्याचा अपराध.

या कोंडीतून सुटण्याचे तीन मार्ग होते. पहिला, खेळाचा हा व्यवसायच बंद करण्याचा. तो शिकागो विद्यापीठाने पत्करला. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकीर्दीत १९३९ साली त्या विद्यापीठाने फुटबॉल सोडला. तीनच वर्षांनी, डिसेंबर १९४२ मध्ये, त्याच स्टॅग मैदानाच्या प्रेक्षागाराखाली अणुविभाजनाची पहिली नियंत्रित शृंखलाप्रक्रिया सिद्ध झाली. दुसरा मार्ग मोबदला कठोरपणे रोखण्याचा. १९४८ साली संघटनेने तशी नियमावली केली. परंतु नियम मोडणाऱ्या सात महाविद्यालयांना काढून टाकण्याचा ठराव १९५० साली पुरेशा मतांअभावी फेटाळला गेला आणि ती नियमावली लवकरच मोडीत निघाली. तिसरा मार्ग मोबदल्याला मान्यता देऊन त्याची कमाल मर्यादा बांधण्याचा. १९५६ साली खेळाच्या गुणावर शिष्यवृत्ती देण्यास संघटनेने संमती दिली, तेव्हा हा मार्ग रूढ झाला. शिक्षणशुल्क, निवास, भोजन, पुस्तके आदी खर्चापलीकडे मोबदला नाही, असा हा सर्वांनी मिळून केलेला करार होता.

४

या करारास कायद्याचा आधार मिळावा म्हणून एक शब्द घडविण्यात आला. १९५३ साली कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाच्या एका जखमी खेळाडूस विद्यापीठाचा नोकर मानून भरपाई मंजूर केली होती. खेळाडू नोकर ठरला तर प्रत्येक मोडलेल्या हाडाचा हिशेब विद्यापीठास द्यावा लागणार, ही भीती उत्पन्न झाली. तेव्हा संघटनेने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द प्रचारात आणला व तोच सर्वत्र वापरावा असा आग्रह धरला. या शब्दामागील हेतूची कबुली वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात दिली आहे. १९५१ ते १९८७ पर्यंत संघटनेची सूत्रे त्यांच्याच हाती होती.

या शब्दाची किंमत कोणी मोजली? कोलोरॅडोमधीलच एका लहान महाविद्यालयाचा खेळाडू १९५५ साली सामन्यात डोक्यास इजा होऊन मरण पावला. त्याच्या विधवेने नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने, महाविद्यालय हे काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, अशा आशयाचे कारण देऊन तिचा दावा नाकारला. प्रशिक्षक हा नोकर होता. त्याच्या सूचनेनुसार मैदानावर उतरलेला मुलगा मात्र नोकर नव्हता. वेतनाच्या प्रश्नात हा भेद निर्णायक ठरला.

५

यानंतर पैशाचा ओघ वाढला. सामन्यांच्या दूरदर्शन-प्रक्षेपणावर संघटनेचे नियंत्रण होते. जून १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग म्हणून रद्द केले. आता विद्यापीठे व त्यांचे गट प्रक्षेपणाचे हक्क स्वतः विकू लागले. परंतु त्याच निकालपत्रात, खेळाचे हौशी स्वरूप टिकविण्यासाठी खेळाडूंना मोबदला देता कामा नये, असा एक प्रासंगिक शेराही होता. जवळजवळ चार दशके संघटनेने तो ढालीसारखा वापरला. एकाच निकालाने उत्पन्नाचे धरण फोडले व खेळाडूकडे जाणारा पाट बंद ठेवला.

मग हे पाणी गेले कोठे? प्रेक्षागारांकडे, सरावगृहांकडे आणि प्रशिक्षकांकडे. १९८२ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जॅकी शेरिल यांना सहा वर्षांसाठी १७ लक्ष डॉलरहून अधिक रकमेचा करार दिला, तेव्हा देशभर आश्चर्य व्यक्त झाले. २००७ साली अलाबामा विद्यापीठाने निक सेबन यांना वर्षाला सुमारे ४० लक्ष डॉलर देऊ केले. २०२४ साली जॉर्जिया विद्यापीठाच्या कर्बी स्मार्ट यांचे वार्षिक वेतन सुमारे १ कोटी ३० लक्ष डॉलर झाले.

संघटनेने प्रशिक्षकांच्या वेतनावरही मर्यादा घालून पाहिली होती, हे फारसे सांगितले जात नाही. १९९१ साली कनिष्ठ प्रशिक्षकांच्या एका वर्गास वर्षाला १६,००० डॉलरहून अधिक देऊ नये असा नियम झाला. बास्केटबॉलचे काही प्रशिक्षक न्यायालयात गेले. १९९८ साली अपील न्यायालयाने नियम बेकायदेशीर ठरविला आणि पुढील वर्षी संघटनेने साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास भरपाई देऊन तडजोड केली. खरेदीदारांनी संगनमत करून श्रमाची किंमत बांधणे प्रशिक्षकाच्या बाबतीत अन्याय ठरले; खेळाडूच्या बाबतीत तेच हौशीपणाचे रक्षण म्हणविले गेले.

६

या घटनाक्रमावरून प्रशिक्षकाच्या वेतनाचा अर्थ लागतो. ज्या स्पर्धेत सर्व विद्यापीठांना उत्तम खेळाडू हवे आहेत, परंतु त्यांच्यासाठी पैशाची बोली लावता येत नाही, तेथे उत्तम खेळाडूंना वेतनाविना आपल्याकडे ओढून आणणारा माणूस अमोल ठरतो. असा माणूस म्हणजे प्रशिक्षक. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १९९३ साली असा अंदाज मांडला की, व्यावसायिक संघात निवडला जाण्याच्या योग्यतेचा एक खेळाडू आपल्या विद्यापीठास वर्षाला पाच लक्ष डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवून देतो. शिष्यवृत्तीचे मूल्य याच्या अल्पांशही नव्हते. उरलेली रक्कम कोणास तरी मिळणारच होती. तिचा एक भाग प्रशिक्षकाच्या वेतनात जिरला. तात्पर्य, त्या वेतनात दोन घटक मिसळले आहेत : एक त्याच्या विद्येचे मोल, दुसरा खेळाडूचा न दिलेला वाटा.

प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, थोर प्रशिक्षक खरोखरच दुर्मिळ असतो. सेबन यांच्या हाताखाली अलाबामाने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली, हे खरे आहे. परंतु एका सेबनच्या यशावर शंभर करारांचे समर्थन होत नाही. प्रशिक्षक बदलण्याच्या परिणामांविषयी तीन राज्यशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दुर्बल संघांना नव्या प्रशिक्षकाने विशेष लाभ होत नाही व मध्यम संघांची कामगिरी उलट खालावते, असे आढळले. तरीही टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना दूर केले, तेव्हा करारान्वये साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे त्याच्या माथी आले. न करावयाच्या कामासाठी दिलेले हे द्रव्य होते.

७

आता परिस्थिती पालटली आहे. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेविरुद्ध निकाल दिला आणि १९८४ च्या त्या शेऱ्याची ढाल काढून घेतली. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खेळाडूस आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार मागील काळासाठी सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई ठरली, आणि विद्यापीठांना आपल्या सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलरपर्यंत प्रत्यक्ष रक्कम देण्याची परवानगी मिळाली. जॉर्जियाच्या एका प्रशिक्षकाचे वेतन या संपूर्ण मर्यादेच्या निम्म्याहून अधिक आहे, एवढी एकच तुलना पुरेशी बोलकी आहे.

या पार्श्वभूमीवर आमचे मत असे की, विद्यापीठांनी जुन्या प्रमाणास आधारभूत मानू नये. ते प्रमाण एक दार बंद असताना पडलेले आहे. दार उघडल्यावर त्याचे प्रामाण्य संपते. नवा डॉलर प्रथम खेळाडूंकडे, अनुज्ञात मर्यादेपर्यंत, जावा. त्यातच त्यांच्या दुखापतींच्या दीर्घकालीन उपचारांची आणि अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्याची तरतूद असावी, कारण १९५७ सालच्या त्या विधवेचे देणे या व्यवस्थेने अद्याप तत्त्वतः मान्य केलेले नाही. प्रशिक्षकास उत्तम वेतन अवश्य द्यावे. परंतु करार अल्पमुदतीचे असावेत व पदच्युतीनंतरच्या देण्यांची हमी घालू नये.

एक धोका मात्र नोंदविला पाहिजे. २०२५ च्या व्यवस्थेतही मर्यादा आहे ती खेळाडूंच्या वाट्यावर. प्रशिक्षकाच्या वेतनावर नाही. उत्पन्न वाढत राहिले आणि खेळाडूंचा पाट अरुंदच राहिला, तर पाणी पुनः जुन्याच उताराने वाहू लागेल. तेव्हा कोणी त्या वेतनास गुणवत्तेचे मोल म्हणेल, तर १९९१ साली कनिष्ठ प्रशिक्षकांवर घातलेली मर्यादा व तिचा १९९८ साली लागलेला निकाल त्याच्यापुढे ठेवावा. मर्यादा कोणावर घातली जाते आणि कोणाची उठविली जाते, हे पाहिल्यावाचून वेतनाच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.