सँडोझबागेची बुरशी

कोलशेत रस्त्यावर ‘सँडोझबाग’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. कंपनी केव्हाच गेली. १९९५ मध्ये तिचा रसायन विभाग क्लॅरियंट या नावाने वेगळा झाला, पुढच्या वर्षी उरलेली सँडोझ सीबा-गायगीशी मिळून नोव्हार्टिस झाली, आणि कोलशेतच्या कारखान्याच्या जागेवर निवासी मनोरे चढले. पण या नावामागे एका बुरशीची हकिकत आहे, आणि ठाण्याच्या तळ्यांचा विचार करताना मला ती वारंवार आठवते.

सँडोझचे कर्मचारी प्रवासाला गेले की तिथली माती पिशवीत भरून बाझेलला आणत. १९६९ मध्ये नॉर्वेतल्या हार्डांगरविद्दा पठारावरून अशीच माती आली. तिच्यातल्या बुरशीने सायक्लोस्पोरिन दिले; झां-फ्रान्स्वा बोरेल आणि सहकाऱ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती दाबण्याची ताकद ओळखली. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने स्वीकारावे, हे त्यामुळे अधिक खात्रीने जमू लागले. १९८३ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. तरी ही बुरशी रानात कशावर जगते, हे कळायला १९९०चे दशक उजाडले. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅथी हॉज यांना ती भुंगेऱ्याच्या अळीवर, म्हणजे आपल्या हुमणीच्या भाऊबंदांवर, परजीवी म्हणून सापडली. कोलशेतशी तिचा संबंध फक्त नावापुरता, हे खरेच.

तळ्याकाठच्या बुरशीचे प्रकरण याहून नाजूक आहे. सीलोमोमायसीस ही बुरशी डासाच्या अळीला आतून पोखरते. एम. ओ. टी. अय्यंगार यांनी १९३५ मध्ये अ‍ॅनोफिलिसच्या अळ्यांवरील तिच्या दोन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. ती प्रयोगशाळेत टिकवता येईना, याचे कारण १९७०च्या दशकात उमगले: तिला यजमान दोन लागतात. एक डासाची अळी, दुसरा सायक्लॉप्ससारखा सूक्ष्म जलचर. नारूच्या मोहिमेमुळे आपल्याकडे पायविहिरीतला गुन्हेगार म्हणून बदनाम झालेला, तोच हा सायक्लॉप्स. त्याला मारायला वापरलेले टेमेफॉस डासांच्या अळ्यांवरही चालते. म्हणजे एकाच औषधाने बुरशीची दोन्ही घरे बसतात.

ठाण्यात पूर्वी साठ तळी होती असे सांगतात. आज पस्तीसच्या आसपास उरली. मसुंदा, कचराळी, उपवन यांना बांधीव काठ, फिरायच्या वाटा, दिवे आले. लोकांना हवा खायला जागा मिळाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अळी आणि सायक्लॉप्स एकत्र नांदतात तो उथळ, गवताळ, चिखलाचा काठ. भिंत उभी राहिली की तो पहिल्यांदा जातो. डास मात्र जात नाही. क्युलेक्स गटारात मुक्काम हलवतो, एडिस कुंडीखालच्या ताटलीत आणि बांधकामाच्या पिंपात. ताटलीत आठवडाभर साचलेल्या पाण्यात या बुरशीचे दोन घरांचे बिऱ्हाड मांडले जाईल, असे मला वाटत नाही.

कोलशेतच्या खाडीकडे तिवरांखाली उघडा चिखल अजून आहे. पण ते पाणी मचूळ. गोड्या पाण्याच्या काठाची जागा ते घेत नाही.