‘आमच्या माहितीप्रमाणे’: टायटनच्या करारनाम्यातील एक हमी

‘सदर मिळकत निर्वेध असून तिच्यावर कोणाचाही बोजा नाही’ हे वाक्य खरेदीखतात आपण सर्वांनी वाचलेले असते. एक कंपनी दुसरी कंपनी विकत घेते तेव्हाच्या करारनाम्यातही अशाच हमी असतात. त्यांपैकी एक म्हणजे ‘आम्ही परदेशी सत्ताधाऱ्यांना लाच दिलेली नाही’. हा धागा त्या एका हमीविषयी आहे.

सप्टेंबर २००३ मध्ये लॉकहीड मार्टिनने टायटन ही अमेरिकी कंपनी सुमारे १८० कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. टायटनने लिहून दिले की, आमच्या माहितीप्रमाणे कंपनीने वा तिच्या एजंटांनी १९७७ च्या परदेशी लाचविरोधी कायद्याचा भंग होईल असे काही केलेले नाही.

हमी घेणारी लॉकहीड असावी, हा इतिहासाचा विनोदच. जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना १९७६ मध्ये अटक झाली ती लॉकहीडच्याच लाचेपायी. आणि हा कायदा जन्मला तो अशा प्रकरणांच्या धक्क्यातून. १९९५ मध्ये इजिप्तमधील विमानविक्रीच्या प्रकरणात लॉकहीडने याच कायद्याखाली गुन्हा कबूल केला होता.

टायटनचा पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात दूरध्वनी प्रकल्प होता. २००१ च्या निवडणुकीत तिने आपल्या एजंटामार्फत तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या प्रचारासाठी सुमारे २० लाख डॉलर पुरवले. त्यांतील काही पैसा राष्ट्राध्यक्षांचे छायाचित्र आणि त्यांना मत देण्याचे आवाहन छापलेल्या टी-शर्टांवर गेला. बदल्यात टायटनचे व्यवस्थापन शुल्क ५ टक्क्यांवरून सुमारे २० टक्के व्हायचे होते.

खरेदीपूर्व तपासणीत संशयास्पद देयके पुढे आली. भाव प्रतिशेअर २२ डॉलरवरून २० वर उतरला. न्याय खात्याशी तडजोड ठरल्या मुदतीत झाली नाही, आणि जून २००४ मध्ये व्यवहार मोडला. मार्च २००५ मध्ये टायटनने गुन्हा कबूल करून दंड व परतावा मिळून २ कोटी ८५ लाख डॉलर भरले.

मला मात्र ‘आमच्या माहितीप्रमाणे’ हे दोन शब्द अधिक बोचतात. ६० हून अधिक देशांत १२० हून अधिक एजंट असलेल्या या कंपनीकडे लाचविरोधी असे औपचारिक धोरणच नव्हते. ज्याने विचारायचेच नाही असे ठरवले, त्याच्या ‘माहिती’ला किंमत ती काय?

तोवर अशा हमी म्हणजे दोन पक्षांतील खाजगी बाब, असा वकिलांचा समज होता. पण हा करारनामा भागधारकांना पाठवलेल्या निवेदनाला जोडलेला होता. त्यावर बोट ठेवून बाजार नियामकाने, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, मार्च २००५ मध्येच स्वतंत्र अहवाल काढला: सामान्य गुंतवणूकदार जे खरे मानून चालेल, ते दिशाभूल करणारे निघाल्यास कारवाई होऊ शकते, मग ते मूळ कोणासाठी का लिहिलेले असेना. या हमीबद्दल टायटनवर आरोप ठेवला गेला नाही. इशारा पुढच्यांसाठी होता.

त्याच वर्षी एल-थ्री या कंपनीने टायटन विकत घेतली. भाव होता प्रतिशेअर २३.१० डॉलर.